तो झोपून उठेल, त्या दिवशी बोला

लालबागच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ २५ वर्षांचा. मालाडला नाइट शिफ्टची नोकरी होती, चार महिन्यांपूर्वी गेली. वर्षभर तो आइस घेतो. तीन-तीन रात्री जागतो, मग दोन दिवस मेल्यासारखा झोपतो. अंगावर मांस उरलेलं नाही. समोरच्या इमारतीतून कोणीतरी आपला व्हिडिओ काढतंय म्हणतो. आईच्या पाटल्या गेल्या. बाबा म्हणतात, खोलीत कोंडून ठेवू. मामांनी मुंबईबाहेरचं एक केंद्र शोधलंय. ते रात्री गाडी आणतात, उचलून नेतात आणि सहा महिने भेटू देत नाहीत. पोलिसांत गेलं तर हा आत जाईल अशी आईला भीती. यावर औषध नाही का? हा बरा होईल का?"

ताई, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. बरा होऊ शकतो. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि तेवीस वर्षं मुंबईत व्यसनमुक्तीचं काम करते, आधी पालिकेच्या रुग्णालयात, आता माझ्या दवाखान्यात. तुमच्या भावापेक्षा वाईट अवस्थेत आलेली मुलं आज नोकरीधंद्याला लागलेली मी बघते. औषधाचं मात्र खरं सांगायचं तर मेथ, म्हणजे हाच आइस, सोडवणारी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी आज नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: मग दोन दिवस मेल्यासारखा झोपतो. त्या दोन दिवसांत घर सुटकेचा निःश्वास टाकतं. झोपलाय ना, झोपू दे. उठल्यावरही कोणी विषय काढत नाही, कारण कशीबशी शांतता आलेली असते. मग तो पुन्हा जागायला लागतो, खिडकीशी उभा राहतो, आणि भांडण पेटतं. म्हणजे ज्या दिवशी शब्द त्याच्यापर्यंत पोचू शकतो त्या दिवशी घर गप्प, आणि ज्या दिवशी काही केल्या पोचत नाही त्या दिवशी आरडाओरडा. मला तुमच्या घरात आधी हे उलटं करायचं आहे.

तो नक्की काय घेतो ते बघा. मुंबईत पोरं ज्याला आइस म्हणतात ते बऱ्याचदा एमडी निघतं. दोन्ही एकाच घराण्यातली. आइस किंवा क्रिस्टल म्हणजे मेथॅम्फेटामिन, तुरटीच्या खड्यासारखा खडा. तो तापवून त्याचा धूर ओढतात. घरात टोकाला फुगा असलेली, खालून काळी पडलेली काचेची नळी किंवा जळक्या फॉइलचे तुकडे सापडतील. एमडी म्हणजे मेफेड्रोन, म्याव म्याव. ती पूड असते आणि बहुतेक जण मोबाइलच्या काचेवर लाइन काढून नाकाने ओढतात. गुंडाळलेली नोट आणि कडेला पांढरं लागलेलं एटीएम कार्ड या तिच्या खुणा. एमडीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा घेतलं जातं. मेथ निम्मं उतरायलाच दहा-बारा तास लागतात. तीन रात्रींचं जागरण आणि समोरच्या इमारतीचा संशय यावरून मला मेथ वाटतं, पण खात्री तपासणीनेच होईल.

हा फरक सांगण्याचं कारण आहे. केमिस्टकडे मिळणाऱ्या लघवी तपासणीच्या पट्टीवर मेथ दोन ते चार दिवस दिसतं, एमडी पुष्कळदा दिसतच नाही. पट्टी कोरी आली म्हणून मुलगा सुधारला असं मानून बसलेले आईवडील मी पाहिले आहेत. उलटंही होतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी पट्टी खोटी लागते, म्हणजे नशा नसताना दाखवते, आणि निर्दोष पोराला घरात चोर ठरवलं जातं. पट्टीचा अर्थ डॉक्टरांना लावू द्या.

माल येतो कुठून, हा प्रश्न प्रत्येक बाप मला विचारतो. फेब्रुवारी २०१५ पर्यंत एमडी अमली पदार्थांच्या यादीतही नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात एका कारवाईत ७०० किलोंहून जास्त एमडी पकडलं, आणि एका वेळेला लागतो तो ग्रॅमचा लहानसा भाग. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून १८ टनांच्या आसपास एफेड्रिन जप्त केलं होतं, ज्यापासून मेथ तयार होतं. ही आकडेवारी बापांना मी एवढ्यासाठी सांगते, की आपल्याच पोराची संगत वाईट, आपलेच संस्कार कमी पडले, असं मानून ते जे स्वतःला खात असतात ते थांबावं.

आता ती झोप. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. भूक लागल्यावर ताट समोर आलं, कोणी पाठीवर हात ठेवला, की ते थोडंसं सुटतं आणि हे पुन्हा हवं असं वाटतं. वापरून झालेलं डोपामिन पंपाने पुन्हा साठ्यात ओढलं जातं. मेथ आत शिरतं आणि साठा तर मोकळा करतंच, पंपही उलटा फिरवतं. सोसायटीच्या टाकीचे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडावेत आणि खालून वर पाणी चढवणारा पंप वरचं पाणी बाहेर फेकायला लागावा, तसं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जेवणाने ही पातळी साधारण दीडपट होते, या जातीच्या पदार्थांनी दहापटीच्या घरात जाते. त्या पुरात भूक नाही, झोप नाही, थकवा नाही. नाइट शिफ्टच्या मुलाला पहिल्यांदा ते औषधच वाटतं, कारण पहाटे चारचे डोळे उघडे राहतात. जपानमध्ये १८९३ साली हे रसायन पहिल्यांदा तयार झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपानने ते सैनिकांना जागं ठेवायलाच दिलं.

तिसऱ्या रात्रीनंतर टाकी कोरडी होते. मग तो कोसळतो. पंधरा-वीस तास झोपतो, उठतो, हाताला लागेल ते खातो, पुन्हा झोपतो. उठल्यावर त्याला काहीच बरं वाटत नाही. चहा मचूळ लागतो, आई नकोशी होते, स्वतःचीही किळस येते. पण संशय पुष्कळ ओसरलेला असतो, डोकं ठिकाणावर असतं, आणि मोबाइलमधल्या त्या नंबरवर बोट जायला अजून काही तास किंवा एखादा दिवस असतो. तुम्हाला हवी आहे ती जागा हीच.

याच जागेवर मोठा धोकाही आहे. एमडी मुंबईत नुकतं पसरत होतं तेव्हाची गोष्ट. २२ वर्षांचा मुलगा होता. आठवड्याभराने त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, आता शांत झोपतो, जेवतो, एका कोपऱ्यात बसून असतो. त्रास नाही." मला समाधान वाटलं आणि पुढची तारीख दहा दिवसांनंतरची दिली. त्याला मरावंसं वाटतं का, हा एक प्रश्न मी विचारला नाही. चौथ्या दिवशी त्याने जीव दिला. कोपऱ्यात शांत बसलेल्या पोराचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तेव्हापासून उतरणीवरच्या प्रत्येकाला मी पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारते. तुम्हीही विचारा: "जगू नये असं वाटतंय का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. कोणीतरी विचारलं म्हणून तो बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि विषारी बाटल्या हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्र असेल तर टेली मानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

संशयाचं काय करायचं ते सांगते, कारण घरं इथेच सर्वांत जास्त थकतात. काळाचौकीच्या एका घरी मी गेले होते. एकच खोली, दुपारचे दोन, आणि आत अंधार. खिडकीला वर्तमानपत्रं लावून वरून खाकी टेप मारलेली, मधे रुपयाएवढं भोक. पंख्याचा रेग्युलेटर उघडलेला, सगळे स्क्रू एका स्टीलच्या वाटीत आकाराप्रमाणे लावलेले. आई मोबाइलच्या टॉर्चवर भाजी चिरत होती, कारण दिवा लावला तर बाहेरून दिसतं असं मुलाचं म्हणणं होतं. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत खपल्या. कातडीखाली किडे फिरतात म्हणून त्याने नखांनी उकरलेलं. आई मला म्हणाली, "समोर कोणी नाही हे मी त्याला शंभरदा दाखवलं." दाखवून हे जात नाही. त्याला जे वाटतं ते त्या वेळी तुमच्या-माझ्या खिडकीइतकं खरं असतं. वाद घातलात की तुम्हीही त्या टोळीतल्या ठरता. हो रे, मलाही दिसतोय, असं म्हणणंही चूक. मी त्या आईला एवढंच शिकवलं: "तुला भीती वाटतेय ते मला कळतंय. मला तिथे कोणी दिसत नाही. मी इथेच बसलेय." हळू आवाजात, दोन हात लांब बसून, त्याची दाराकडची वाट न अडवता. सुऱ्या-कात्र्या उचलून ठेवायच्या. शेजारीपाजारी, मामा, काका गोळा करायचे नाहीत.

या भासांवर आणि संशयावर मात्र औषधं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. मेथ बंद राहिलं तर बहुतेकांचा संशय काही दिवसांत ते महिन्याभरात जातो. थोड्यांचा राहतो, त्यांना उपचार लांबवावे लागतात. म्हणून वेड लागलं असा शिक्का कोणी इतक्यात मारू देऊ नका.

शरीराचं थोडक्यात. मेथने नाडी आणि रक्तदाब चढतो, शिरा आवळतात. पंचविशीत हार्ट अटॅक, पंचविशीत पक्षाघात मी पाहिले आहेत. छातीत दुखलं तर ॲसिडिटी समजून जेलुसिल देऊ नका. छातीत कळ, अचानक प्रचंड डोकेदुखी, एका बाजूची ताकद जाणं, फिट, किंवा अंग तव्यासारखं तापून बरळणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ लावा. कपडे सैल करा, ओलं फडकं फिरवा, पंखा लावा, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. पालथं पाडून अंगावर बसू नका, त्यात माणसं दगावतात. याला उतारा म्हणून इंजेक्शन नाही. रुग्णालयात शांत करणारी औषधं आणि थंडावा देऊनच जीव वाचवतात, आणि त्यासाठी डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगावं लागतं. लाजेने लपवू नका. दात झडतात ते तोंड कोरडं पडल्याने, रात्रभर कराकरा दात खाल्ल्याने आणि गोड पेयांवर दिवस काढल्याने. ते नंतर दुरुस्त करता येतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि बहिणीने विचारावी अशीही नाही. या नशेत लैंगिक इच्छा भडकते आणि काळजी सुटते. एचआयव्ही, गुप्तरोग, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या पहिल्याच भेटीत व्हायला हव्यात. पालिकेच्या रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. धोका होऊन ७२ तास झाले नसतील तर संसर्ग टाळायची औषधंही मिळतात. हे डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

आता ते केंद्र. मामांचा हेतू चांगला आहे हे मला माहीत आहे. १९८०च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबईत शिरलं तेव्हा घरंच्या घरं अशीच वणवण फिरत होती. त्याच काळात, २९ ऑगस्ट १९८६ला, पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि प्रेमाने, शिस्तीने माणसं उभी करता येतात हे महाराष्ट्राला दाखवलं. आज चांगली केंद्रं आहेत आणि नुसत्या कोंडण्याच्या जागाही आहेत. माझा एक रुग्ण असाच रात्री उचलून नेला होता. पाच महिन्यांनी परत आला तेव्हा घोट्याभोवती साखळीचा काळा पट्टा होता. त्यानंतर दोन वर्षं तो कुठल्याही डॉक्टरासमोर बसायला तयार नव्हता. व्यसन तर सुटलेल्या दिवशीच परत सुरू झालं होतं.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ व्यसनाच्या आजारालाही लागू होतो. जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी. साखळीने बांधायला बंदी आहे. रुग्ण नको म्हणत असेल तरी, त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर कलम ८९खाली भरती करता येतं. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत ३० दिवसांची असते. भावाचा संशय वाढून हातात काही यायला लागलं तर हा रस्ता घ्या, मी अडवणार नाही. पण रात्रीची गाडी नको. कुठलंही केंद्र ठरवण्याआधी तिथे जा, नोंदणीचा कागद बघा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात विचारा, आणि भेटू देतात का ते विचारा. भेटू देत नसतील तर परत या.

आईंची पोलिसांची भीती. डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आम्हाला कायद्यानेच बंधनकारक आहे. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. मेथचं अल्प प्रमाण दोन ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्यासाठी हे कलम नाही. बरीच मुलं स्वतःची सोय व्हावी म्हणून मित्रांना पुड्या पोचवायला लागतात. तुमचा भाऊ तिथवर गेला आहे का हे त्याला विचारा आणि गेला असेल तर वकिलाला आत्ताच भेटा.

उपचार म्हणजे काय करतात, ते आता सांगते. गर्दवाल्याला टर्की लागते, अंग मोडतं, उलट्या होतात, आणि त्यावर आमच्याकडे नेमकी औषधं असतात. मेथची उतरण तशी दिसत नाही. पहिला आठवडा-दहा दिवस झोप, भूक, उदासी. खाणं, पाणी, झोप आणि पहारा एवढंच लागतं. पण उतरताना झोप यावी म्हणून तो बटन, म्हणजे झोपेच्या गोळ्या, किंवा दारू घेत असेल तर त्या एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते. हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

त्यानंतर खरं काम सुरू होतं, आणि ज्या पद्धतीला सर्वांत भक्कम पुरावा आहे ती ऐकल्यावर प्रत्येक बाप चिडतो. माझ्या टेबलावर मुरांब्याची एक मोठी काचेची बरणी आहे. तिच्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आहेत. निम्म्यांवर नुसतं शाब्बास लिहिलंय, बाकीच्यांवर लहानसहान वस्तू, थोड्यांवर जरा मोठ्या, एकीवर सर्वांत मोठं बक्षीस. मुलाने सोमवारी आणि गुरुवारी येऊन लघवी द्यायची. मेथ दोन-चार दिवस दिसतं, म्हणून या दोन वारांत फारशी फट राहत नाही. स्वच्छ आली की लगेच, तिथल्या तिथे, एक चिठ्ठी काढायची. पुढच्या वेळी स्वच्छ आली तर दोन, मग तीन. लागली तर ओरडा नाही, भाषण नाही, फक्त मोजणी पुन्हा एकपासून. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत २०११पासून हेच करतात.

डोंबिवलीच्या एका मुलाचे वडील बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी ते उठून उभे राहिले. "घरदार विकायला लावलं आणि त्याला बक्षीस?" मी त्यांना म्हटलं, त्याच्या मेंदूला पुढच्या महिन्याची नोकरी, पुढच्या वर्षीचं लग्न आज दिसतच नाही. आज, आत्ता, हातात पडेल तेवढंच दिसतं. पुडी तेच तर करते. मग चांगलं काहीतरी आज, आत्ता हातात पडायला नको? ते बसले, पण पटलेलं नव्हतं. मुलाने पहिली चिठ्ठी उघडली. शाब्बास. त्याने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. वडील खिडकीबाहेर बघत राहिले. तिसऱ्या आठवड्यात ते एक वही घेऊन आले. कंडक्टरच्या हिशेबाच्या वेबिलासारखे रकाने आखलेले: तारीख, तपासणी, चिठ्ठ्या, शिल्लक. अकराव्या आठवड्यात एकदा लागली तेव्हा मुलगा येतच नव्हता. वडील एकटेच वही घेऊन आले आणि म्हणाले, "त्या रकान्यात काय लिहू? शून्य लिहिलं तर त्याला वाटेल मागचंही गेलं." आम्ही मिळून ठरवलं, तिथे फक्त तारीख लिहायची. पुढच्या सोमवारी मुलगा आला.

घरी बरणी नसली तरी चालेल. लोकलचा पास, मोबाइलचा रिचार्ज, रविवारी त्याच्या आवडीची सुरमई. रोख रक्कम नको. कबूल केलेलं त्याच दिवशी द्यायचं आणि चिडून कधीही मागे घ्यायचं नाही. दोन वेळचं जेवण आणि छप्पर या सौद्यात आणू नका.

याच्या जोडीला समुपदेशन हवंच. आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान चार महिने. त्यात कुठल्या वेळी, कोणासोबत, कुठल्या स्टेशनाबाहेर हात शिवशिवतात याचा बारीक हिशेब होतो. पगाराचा दिवस, रिकामी दुपार, जुन्या ग्रुपवरचा एक मेसेज, अशाच गोष्टी निघतात. नंबर नुसता खोडून भागत नाही, सिम बदलावं लागतं. पैशांचं ॲप काही महिने बहिणीच्या फोनवर ठेवता येतं, त्याची संमती घेऊन.

औषधांबाबत एवढं सांगता येईल. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ४०३ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. दर तीन आठवड्यांनी नॅल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि रोज बुप्रोपिऑन दिलेल्यांपैकी १३.६ टक्क्यांना फायदा झाला, दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं दिलेल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण शंभरात फार तर चौदा. मी निवडक रुग्णांना यातली औषधं विचार करून देते. तुम्ही आपल्या मनाने देऊ नका. बुप्रोपिऑनने फिट येऊ शकते, आणि गर्द घेणाऱ्याला नॅल्ट्रेक्सोन दिलं तर भयंकर टर्की लागते.

किती दिवस, हे विचारलं नाहीत, पण विचाराल. २००१ साली अमेरिकेतल्या मेंदूसंशोधक नोरा व्होल्कोव यांच्या गटाने मेथ सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रं पुन्हा काढली. सहा महिन्यांच्या आतल्या चित्रांत मघाशी सांगितलेले डोपामिनचे पंप कमी दिसत होते. बारा ते सतरा महिने दूर राहिल्यावर ते बरेच भरून आले होते. स्मरणशक्ती आणि हातांची चपळाई तेवढी सुधारली नव्हती, तिला आणखी काळ लागतो. म्हणून मी घरच्यांना दीड वर्षाची तयारी ठेवायला सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो खूप छान दिसेल, आता डॉक्टर नकोत म्हणेल. दीड महिना ते चार महिने हा काळ खडतर. कशातच रस नाही, सगळं सपक. पुष्कळ जण तिथे पुन्हा घेतात. घेतलं तर त्याच आठवड्यात परत आणा. सगळं पाण्यात गेलं असं त्याच्यासमोर म्हणू नका, कारण गेलेलं नसतं.

लालबागहून तुम्हाला परळचं केईएम चालत जाण्यासारखं आहे. तिथे, तसंच नायर, सायन आणि भायखळ्याच्या जेजेमध्ये मानसोपचार विभागात हे उपचार होतात आणि खर्च केसपेपरपासून फार पुढे जात नाही. सरकारचा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक १४४४६. तो आत्ता यायला तयार नसेल तर तुम्ही आणि आई आधी जा. रुग्णाशिवाय आलेल्या घरच्यांनाही आम्ही भेटतो.

तो पुढच्या वेळी कोसळून झोपेल तेव्हा मधूनमधून श्वास बघा आणि झोपू द्या. वरण-भात, ताक, केळी तयार ठेवा. उठला की आधी पाणी, मग जेवण. पाटल्यांचा विषय नको, समोरच्या इमारतीचा नको. बाबा आणि मामा नकोत, तुम्ही एकट्या बसा. "तीन रात्री तू झोपला नाहीस. मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्यासाठी वाटते. उद्या सकाळी मी सुट्टी घेतलीय, केईएमला माझ्याबरोबर येशील? फक्त एकदा. बोलायचं की नाही ते तू ठरव." नाही म्हणाला तर बरं म्हणा आणि ताट उचला. पुढची झोप येईल तेव्हा पुन्हा हेच. माझ्याकडे तिसऱ्या-चौथ्या वेळेला आलेली मुलं पुष्कळ आहेत.

बाबांना माझा निरोप द्या. खोलीला बाहेरून कडी लावू नका. आणि बाथरूमची आतली कडी याच आठवड्यात काढून ठेवा.